चार सेकंद

चकती सुलक्षाने रुमालात आणली होती,
गरम आंबोळी नेतात तशी, सपाट धरून.
"भावाने बार्सिलोनाच्या धक्क्यावर घेतली.
जहाजावर किचनमध्ये असतो तो.
हिच्यात आमचे पप्पा आहेत."

बारा वर्षांपूर्वी परदेशी लोक चोडणच्या फेरीवर
शूटिंगला आले होते, छत्र्या आणि पंखे घेऊन.
सोयरू खलाशी त्या दिवशी ड्युटीवरच.
अभिनय कर असं त्याला कुणी म्हटलं नाही.
फळी खाली सोड म्हणाले, ती तो रोजच सोडायचा.
आता सोयरू जाऊन तीन वर्षं झाली.
भावाने वेळ लिहून पाठवलीय:
एक तास अकरा मिनिटं. चार सेकंद.

सरळ प्लेअर घ्या, म्हणालो. किंमत ऐकून ती गप्प.
मग मीच म्हटलं, बसा, कॉम्प्युटरवर दहा मिनिटांचं काम.
म्हापशात सतरा वर्षं मी कॉम्प्युटर जोडतो
आणि "दहा मिनिटं" हा शब्द अजून जपून वापरायला शिकलो नाही.

ड्राइव्हने चकती फिरवली, हुंगली, बाहेर टाकली.
दिसायला इतरांसारखीच, पण वरच्या घराण्यातली,
हिला ड्राइव्हही तसाच लागतो. मागवला. नऊ दिवस.
मग म्हणे प्रोसेसरमध्ये एक बंद खोली हवी,
किल्ली फिरताना तिथे खुद्द मालकानेही डोकवायचं नाही.
माझा प्रोसेसर नवाकोरा.
नव्यांत ती खोली बांधणंच कंपनीने सोडलंय.
म्हणजे नवा आहे म्हणून चालत नाही!
हे गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडाने सांगू,
जन्मभर उलटं सांगून माल विकला.

वेर्ण्याच्या एका कारखान्याच्या भंगारातून
जुनं खोकं उचललं. खोली होती, कुलूप घातलेली.
बायोसमध्ये शिरून उघडली.
ग्राफिक कार्ड उपटलं; चित्राने प्रोसेसरच्याच वाटेने जायचं.
मॉनिटर शपथ घेईना,
भावोजींचा टीव्ही आणला.
केबल शपथ घेईना.
केबल बदलली. परवाना इंटरनेटवरून यायचा,
तर वीज गेली.

आजोबा सांगायचे, पोर्तुगीज अमदानीत
सावंतवाडीहून येताना नाक्यावर पेटी उपसायचे,
आजीचं एकेक लुगडं झटकून बघायचे.
पण त्या शिपायाला तोंड तरी होतं.
विडी दिली की हसायचा.

चौथ्या शनिवारी, शटर अर्धं ओढून, चित्र आलं.
आधी ताकीद: नक्कल करणे गुन्हा आहे.
अकरा भाषांत. आपली त्यात नव्हती.
मग मांडवी. खारफुटी, आणि ते चहासारखं पाणी,
इतकं स्वच्छ गढूळ मी धक्क्यावर उभा राहूनही पाहिलं नव्हतं.

एक तास अकरा मिनिटं.
सोयरू.
पाठमोरा.
दोर, वाकलेली मान, खाली जाणारी फळी.
वळलाच नाही.
हे भावाने लिहिलं नव्हतं.

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मागे घ्या."
पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली.
उजव्या खांद्यावर, खाकी कापडात, निळा दोरा.
"खाकी दोरा संपला होता. मी सातवीत होते.
पप्पा म्हणाले, घाल गो निळा, कोण बघतंय."

तेवढी एक चौकट साठवून देऊ म्हणून बटण दाबलं.
फाइल उघडली, काळा चौकोन.
परत दाबलं. काळा चौकोन.
मोबाइल काढला, तर तिनेच हात आडवा केला.

टीव्ही संध्याकाळी परत द्यायचा होता, मॅच होती.
भावोजींना फोन करून खोटं सांगितलं.
ती स्टुलावर बसून रुमालाची घडी घालत होती, मोडत होती.
"आणखी एकदा," म्हणाली,
आणि शटरचं उरलेलं अर्धंही मी ओढून घेतलं.